बाई, तो प्रयोग नव्हता

बाई,

परवा शोकसभेत तुमचा फोटो जिथे ठेवला होता ती वर्गाची मागची भिंत. तिथे तुमचं टेबल असायचं. ज्यांनी ते टेबल उचलून बाहेर काढलं, त्यांनीच तुमच्या फोटोला हार घातला आणि दोन्ही हात जोडून डोळे मिटले. मी मागच्या बाकावर दात आवळून बसले होते.

आधीच सांगून टाकते, म्हणजे गोड बोलायची वेळ यायची नाही. तुम्ही गेलात याचं दुःख मला आहेच, पण त्याहून जास्त राग आहे. राग मुख्याध्यापकांचा आहे, शाळा चालवणाऱ्या संस्थेचा आहे, आणि तुमचासुद्धा आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण मी तुमच्यावर रागावले होते ते तुम्ही जिवंत असताना, आणि ते भांडण अर्धंच राहिलं. ते पुरं केल्याशिवाय मी हात जोडणार नाही.

मला लिहायची सवय ती पत्रकांची. 'जागे व्हा' पासून सुरुवात आणि 'धडा शिकवल्याशिवाय राहणार नाही' पाशी शेवट. माझं पहिलं पत्रक मी मोठ्या दिमाखात तुम्हाला दाखवायला आणलं होतं. तुम्ही चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलंत आणि म्हणालात, "मनीषा, तुला काय वाटलं ते सगळं आहे यात. काय दिसलं ते कुठाय?" मी तणतणत घरी गेले. आज मात्र जमेल तेवढं दिसलेलंच लिहिते आहे. वाटलेलं मध्ये घुसलं तर तुम्ही आता लाल रेघ मारायला येणार नाही, हे मला माहीत आहे.

तुम्ही आमच्या गावात आलात तेव्हा मी आठवीत होते. तुम्ही चौलच्या, नारळी-पोफळीच्या बागेतल्या. आमचं गाव म्हसळ्याच्याही आत, भाताची खाचरं आणि डोंगर. शाळेत प्रयोगशाळा होती, म्हणजे दारावर तशी पाटी होती. आत मोडकी बाकं, फाटकी जाळी आणि गणपतीच्या मखराचे थर्माकोल. दाराला कुलूप, चावी मुख्याध्यापकांच्या खिशात. आमच्या आधीच्या कितीतरी मुलांनी विज्ञान त्या कुलपाबाहेर उभं राहून पाठ केलं आणि पासही झाली.

तुम्ही चावी मागितलीच नाहीत. वर्गातच मागच्या भिंतीला टेबल लावलंत आणि म्हणालात, "उद्या येताना घरातून एकेक वस्तू आणा. आईला विचारून आणायची. ॲसिड, रॉकेल, फवारणीचं औषध, गोळ्या, यातलं काही आणायचं नाही. जो आणेल त्याच्या घरी मी येईन आणि जेवल्याशिवाय उठणार नाही."

आम्ही हसलो. पण दुसऱ्या दिवशी टेबल भरलं. हळद, लिंबं, खायचा सोडा, तुरटी, मीठ, आमसुलं, समुद्रावरच्या शिंपल्या, कुणाच्या तरी आजोबांच्या चंचीतला चुना. चुना तेवढा तुम्ही उचलून आपल्या बाजूला ठेवलात. "हा माझ्या हाताखाली राहील. पानात खातात म्हणून तो गरीब आहे असं समजू नका. डोळ्यात गेला तर डोळा जातो." तोवर आम्हाला वाटायचं की धोका म्हणजे वरच्या रसायनांच्या कंपन्यांतला, जिथे आमचे बाप कंत्राटावर जातात तिथला. तो आजोबांच्या चंचीतही असतो, हे तुम्ही दाखवलंत. आणि तो आहे म्हणून हात मागे घ्यायचा नसतो, हात कसा पुढे करायचा ते शिकायचं असतं, हेही.

जास्वंदीचा दिवस आठवतो. कोमट पाण्यात पाकळ्या चुरून केलेलं पाणी तीन वाट्यांत ओतलेलं. एका वाटीत लिंबू पिळायचं, एकीत सोडा टाकायचा, एक तशीच ठेवायची.

"काय होईल?" तुम्ही विचारलंत.

"बाई, तुम्हीच सांगा ना."

"मला माहीत असतं तर मी कशाला विचारलं असतं?"

धडधडीत खोटं बोलत होतात. पण प्रत्येकाला अंदाज सांगायला लावलंत, आणि तोंडातून अंदाज निघाला की माणूस वाटीवरून नजर काढत नाही, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. लिंबाची वाटी लालगुलाबी झाली. सोड्याची हिरवी. एक पोरगा ओरडला, "बाई, इख झालं!"

"कशावरून?"

"हिरवं हाय म्हणून."

"मग तुझी आई पालेभाजी का घालते तुला? काय पाप केलंस?"

वर्ग खिदळला. मग हळूच कुणीतरी विचारलं, हिरव्यात लिंबू पिळलं तर परत लाल होईल का? तुम्ही त्या मुलीकडे असं बघितलंत, जणू तिने वर्गात सोन्याची लगड आणून ठेवली. "बघ की. पण सावकाश, थेंब थेंब. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे झालं ते कशानं झालं ते कळेल." ती मुलगी मी होते. आजही मोर्च्यात, बैठकीत, सरकारी कचेरीत कुणी दहा गोष्टी एकत्र फेकून गोंधळ करायला लागलं, की मला ती वाटी दिसते.

तुमचे नियम मात्र जाचक होते, बाई. टेबलावर आलेली वस्तू खाण्यातून उठली. एप्रिलच्या उन्हात आमसुलाचं लालभडक पाणी समोर, आणि घोटभर प्यायची बंदी. एकाने प्यायलंच. तुम्ही अख्खं पातेलं ओतून दिलंत आणि तास बंद. "आज ते सरबत होतं. उद्या रंग तोच असेल आणि आत दुसरंच काही असेल. तोंडाला ते कळत नाही." बाटलीचं झाकण घट्ट लावायचं नाही. वास घ्यायचा तर हाताने हवा नाकाकडे ओढायची, नाक बाटलीत खुपसायचं नाही. सफाईची दोन औषधं कधीही एकत्र करायची नाहीत, एकामागून एकसुद्धा नाही. आणि ज्या बाटलीवर नाव नाही तिला हात लावायचा नाही, आत निव्वळ पाणी आहे असं कुणी शपथेवर सांगितलं तरी.

माणगावच्या बाजारातून तुम्ही प्लॅस्टिकचे चष्मे आणलेत आणि लिंबू-सोड्यालाही ते घालायला लावलेत. मुख्याध्यापक दारात येऊन हसले. "काय बाई, पोरांना मोटारसायकलच्या शर्यतीला पाठवताय का?"

"तुम्हीपण घालून बघा, सर. वर्ग जरा स्पष्ट दिसेल."

हे ते कधी विसरले नाहीत. माणूस अपमान विसरतो, हशा विसरत नाही.

आणि भांडी. प्रयोग झाला की वाट्या घासायच्या हजेरीच्या क्रमाने, आणि त्या क्रमात तुमचंही नाव. आता हे वाचणाऱ्यातल्या कुणाला वाटेल, यात काय मोठंसं? मोठं आहे. आमच्या शाळेत पाहुणे यायचे असले की झाडू कुणाच्या हातात जायचा ते बोलून दाखवावं लागत नसे. "तुम्ही जरा आवरून घ्या रे," असं सर म्हणायचे, आणि 'तुम्ही' म्हणजे बौद्धवाडीतली पोरं हे बाकावरच्या प्रत्येकाला कळायचं. तुमच्या टेबलावर पहिल्यांदा पाटलांच्या मुलाने माझी वाटी घासली. त्याचा बाप भांडायला आला. "आमचा मुलगा भांडी घासायला शाळेत येत नाही."

"मीही नाही येत," तुम्ही म्हणालात, "तरी घासते." आणि हातातली वाटी पुसून उपडी ठेवलीत.

तेव्हा मी ठरवलं होतं की तुम्ही आमच्या बाजूच्या. म्हणून तर पुढे इतकी चिडले.

आपलं पहिलं मोठं भांडण सुरीवरून झालं. मी कॉलेजात गेले, चळवळीत शिरले, आणि आम्ही बुवाबाजीविरुद्ध गावोगाव कार्यक्रम करायला लागलो. आमच्या वाडीच्या विहारासमोर आमचा प्रयोग होता. सुरीवर आधी जास्वंद घासून ती वाळवलेली. लिंबू कापलं की रक्त. बायका किंचाळायच्या, मग आमचा वक्ता गुपित फोडायचा, टाळ्या. तुम्ही पुढच्या सतरंजीवर बसलेल्या. लिंबातून रक्त निघालं, आमचा वक्ता श्वास घेतो आहे, तेवढ्यात तुम्ही उभ्या राहून लोकांना म्हणालात, "दुसऱ्या सुरीने कापलं तर?"

मागून आवाज आला, "कापून बघा की!" कुणी घरातून विळी आणली. रक्त नाही. मग तीच सुरी, दुसरं लिंबू. रक्त. मग कुणी म्हणालं, सुरी पुसून बघा. तासाभरात म्हाताऱ्या बायकासुद्धा लिंबं घेऊन भांडत होत्या आणि आमच्या वक्त्याला कुणी विचारत नव्हतं. शेवटी सुनंदावहिनीने, माझ्या शेजारणीने, सुरीचा वास घेतला, पातं बोटाने पुसलं आणि म्हणाली, "ह्याला कायतरी फासलंय. सुरीची करणी हाय, लिंबाची न्हाय."

पण तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. आमच्या एकाने जिभेवर पेटता कापूर ठेवला तेव्हा तुम्ही आमच्यावर अशा ओरडलात की माइकची गरज पडली नाही. "उद्या यातलं एखादं पोर घरात जिभेवर कापूर ठेवील, तेव्हा तुम्ही दुसऱ्या गावात टाळ्या घेत असाल!"

परतताना मी तुम्हाला म्हणाले, "बाई, लोक जमवायला जाळ लागतो."

"आणि टाळी वाजली की प्रश्न संपतो," तुम्ही म्हणालात.

या बाबतीत मी अजून तुमच्याशी सहमत नाही. कापूर आम्ही बंद केला, ते तुमचं बरोबर होतं. पण राग पेटवल्याशिवाय माणसं घराबाहेर पडत नाहीत, हे माझं म्हणणं मी सोडलेलं नाही, आणि पुढे जे झालं त्यानंतर तर मुळीच नाही.

पुढे काय झालं ते गावाला माहीत आहे. म्हणजे गावाला जे सांगितलं गेलं ते माहीत आहे. आता जे झालं ते लिहिते.

संस्थेचे पदाधिकारी दुसऱ्या दिवशी शाळा बघायला येणार होते. मुलींचं संडास तुंबलेलं, वास मारत होता. मुख्याध्यापकांनी आठवीच्या वर्गात येऊन सायलीला आणि तिच्या मैत्रिणीला उठवलं. दोघी आमच्या वाडीतल्या. सायली सुनंदावहिनीची मुलगी. "तुम्ही जरा पाणी मारून घ्या." तुम्ही तेव्हा नववीवर होतात. कोठीत टीसीएलची पिशवी होती, ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती पांढरी पावडर. वास मरावा म्हणून मुलींनी ती भुरभुरली. ती त्यांना माहीत होती. शेजारी पाण्याची जुनी प्लॅस्टिकची बाटली होती, तीवर कसलंच नाव नाही, आणि सर म्हणाले होते की फिनेल आहे, ओता. फिनेल नव्हतं. दारावर येणाऱ्या विक्रेत्याकडून घेतलेलं संडासाचं ॲसिड होतं.

बाटलीच्या नियमासमोर सरांचा हुकूम होता, बाई. आठवीतल्या मुलीने काय करावं?

पिवळट हिरवा धूर झाला. मुली खोकत होत्या, डोळे उघडेनात. खोकला ऐकून तुम्ही धावलात. कुणी बादली घेऊन आत शिरणार होतं, त्याला तुम्ही हाताला धरून मागे ओढलंत. दारातून मुलींना नावाने हाका मारून बाहेर घेतलंत, सगळी शाळा वाऱ्याच्या उलट अंगाला मैदानात नेलीत, नळाखाली त्यांचे डोळे धूत राहिलात, धूत राहिलात, आणि तशाच ओल्या साडीने रिक्षातून सरकारी दवाखान्यात. दोघी बऱ्या झाल्या. त्यात शाळेचं काही कर्तृत्व नाही.

मग संस्थेने चौकशी केली. अहवालात काय लिहिलं? 'विज्ञान शिक्षिकेने घरगुती पदार्थांवर प्रयोग करण्याची सवय लावल्यामुळे विद्यार्थिनींनी परस्पर रसायने मिसळली.' परस्पर! झाडू परस्पर, बादली परस्पर, संडास परस्पर! ज्या एकाच माणसाने त्या शाळेत सफाईची औषधं मिसळू नका म्हणून सांगितलं होतं, त्याच माणसाला मिसळल्याबद्दल ठपका! टेबल उचललं. वाट्या भंगारात, चष्मे भंगारात. त्या जागी भिंतीवर टीव्ही. त्यात कुठलातरी पांढरा कोट घातलेला माणूस लिटमस बुडवतो आणि मुलं मांडी घालून बघतात. कुणाचा हात भिजत नाही. याला आता आमच्या शाळेत सुरक्षितता म्हणतात.

आणि ॲसिड? ते तसंच कोठीत, तशाच बिननावाच्या बाटलीत.

मी त्याच दिवशी पत्रक लिहायला घेतलं होतं. मग कळलं की तुम्ही काही बोलणार नाही आहात. मी तुमच्या खोलीवर आले. तुम्ही ओट्यावर उन्हात घातलेली आमसुलं परतत होतात, बोटं लाल.

"पत्रक छापायचं नाही, मनीषा."

"का? घाबरलात?"

"सुनंदा आली होती."

तुम्ही वर न बघता सांगत होतात. सुनंदावहिनी आली होती आणि उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून म्हणाली होती, "बाई, पोरींनी संडास धुतला ह्ये कुटं सांगू नका. आमी ज्यातनं भायेर आलो तेच परत पोरीच्या नावाला चिकटंल. आमच्यातलीच लोकं बोलतील." आणि तुम्ही तिला शब्द दिला होतात.

"शब्द देणाऱ्या तुम्ही कोण?" मी म्हणाले. "अन्याय काय तिच्या एकटीचा आहे?"

"अन्याय सगळ्यांचा. लाज तिची एकटीची. ती तुझ्या पत्रकातून वाटून होत नाही."

"लाज तिची कशी? लाज सरांची!"

"हे तुला कळतं, मला कळतं. सायलीला कळेपर्यंत थांब."

"आणि तोवर तुमच्या नावाचं काय?"

"माझ्या नावाला काय धाड भरलीय?"

मग मी ते बोलले, बाई. बोलायचं म्हणूनच बोलले, आणि आजही मागे घेत नाही. मी म्हणाले, "तुमच्या नावाला काही होत नाही, कारण तुमच्या मागे चौल आहे, बाग आहे, आडनाव आहे. तुम्हाला गप्प बसणं परवडतं. आमच्यातल्या कुणा बाईवर हाच ठपका आला असता तर ती एका दिवसात रस्त्यावर आली असती. तुम्ही सायलीला वाचवत नाही आहात, सरांना वाचवताय."

तुम्ही आमसुलं परतायची थांबवलीत. मला वाटलं, आता ओरडणार. तुम्ही नुसतं म्हणालात, "असेलही. मला हे दोन्हीकडून दिसतंय, म्हणून मी त्याच्या मधे बसलेय."

मी उठून निघून गेले. पत्रक छापलं नाही. तुम्ही सांगितलं म्हणून नाही, वहिनीच्या दारावरून रोज जावं लागतं म्हणून.

त्यानंतरचं तुमचं वर्ष मी दुरून बघितलं. तुम्ही पुस्तक हातात धरून शिकवायला लागलात. ज्या बाईला कधी पुस्तक लागलं नाही, ती ओळी वाचायची आणि घंटा झाली की खडू ठेवून जायची. बाजाराच्या दिवशी म्हसळ्याच्या स्टँडवर दिसलात, पिशवीत लिंबं होती. मी विचारलं, "कशाला?" "लोणच्याला," म्हणालात, आणि आपण दोघी दुसरीकडे बघायला लागलो. तेवढंच बोलणं. आणि मग गेल्या महिन्यात तुम्ही झोपेतच गेलात. डॉक्टर म्हणाले हृदय. मी डॉक्टर नाही. मला काय दिसलं तेवढंच मी लिहीन. मला दिसलं ते असं की टेबल गेलं आणि मग तुम्ही गेलात. यातून काय निष्कर्ष निघत नाही ते तुम्हीच मला शिकवलंय, म्हणून काढत नाही. पण लिहून ठेवते.

आता परवाचं.

सभेला गाव लोटलं होतं. मुख्याध्यापक बोलायला उभे राहिले. समर्पित, विद्यार्थिप्रिय, हसतमुख, सगळे शब्द झाले. आणि मग, बाई, त्यांना राहवलं नाही. "बाईंचा उत्साह इतका, की त्या भरात मागे एक छोटासा अपघातही झाला होता. पण आज आपण ते मनात न ठेवता..."

मी उठलेच होते. पण माझ्याआधी पुढून आवाज आला.

"सर, तो प्रयोग नव्हता."

सायली. आता नववीत आहे, वेणी घट्ट.

"बाळ, आज ही वेळ नाही. बस."

"चौकशीच्या वेळी आम्हाला कुणी विचारलंच नाही, सर. म्हणून आत्ता सांगते."

तिच्या शेजारी वहिनी. तिने सायलीचा दंड धरला. मला वाटलं, ओढून बसवणार. माझ्या डोक्यात त्या क्षणी ओट्यावरचं आपलं सगळं भांडण परत उभं राहिलं. वहिनी दंड न सोडता स्वतःच उठली. "बोल तू. मी उभी हाय."

सर घाईघाईने माइकमध्ये म्हणाले, "चला, आपण सर्वांनी उभं राहून बाईंना दोन मिनिटं स्तब्ध श्रद्धांजली वाहू या." तोंड बंद करायला याहून सभ्य कुलूप मिळालं नसतं. सगळे उठले, माना खाली, हात पुढे बांधलेले. वर्गात पंख्याचा आवाज तेवढा.

आणि त्या शांततेत सायली बोलत राहिली, बाई.

मोठ्याने नाही. तुमच्या टेबलाजवळ उभं राहून बोलावं तशी. आम्हाला संडास धुवायला सरांनी पाठवलं. कोठीत पांढरी पावडर होती, ती आम्हाला माहीत होती. बाटलीवर नाव नव्हतं. सरांनी फिनेल सांगितलं. पावडरीवर ते पडलं आणि पिवळट धूर आला. डोळे झोंबले, श्वास लागला. बाईंनी बाहेर काढलं. बाईंनी सांगितलं होतं की नाव नसलेल्या बाटलीला हात लावू नका. आम्ही लावला, कारण सरांनी सांगितलं. कुणाला तिला थांबवता येईना, कारण तोंड उघडलं असतं तर श्रद्धांजली मोडली असती. संस्थेचे अध्यक्ष जमिनीकडे बघत होते. सर जमिनीकडे बघत होते. त्यांनीच लावलेल्या शांततेत सगळ्या गावाने उभं राहून ऐकलं.

स्तब्धता संपली. सर म्हणाले, "पोरीला कुणीतरी पढवलंय."

वहिनी बोलली तेव्हा तिचा आवाज मी ओळखलाच नाही. "माझ्या सासऱ्यानं गावकीचं काम टाकलं, तवा गावानं त्याला वाळीत टाकला. कुनी बोलंना, कुनी दुकानात मीठ देईना. तरी त्यानं झाडू हातात धरला न्हाय. तुमी माझ्या पोरीच्या हातात तो परत दिलात. आन मी लाजून गप बसली. मी! आन बाई माझ्यापायी बोल खात गेल्या." मग तिने तुमच्या फोटोकडे एकदाच बघितलं आणि नजर वळवली.

सभा मोडली, बाई, आणि बरं झालं मोडली. पालकांनी तिथेच मुख्याध्यापकांना घेरलं. पाटलांचा तो भांडायला आलेला बापही त्यात होता. मी कुणावर विश्वास ठेवत नाही, पण तो होता हे दिसलं, म्हणून लिहिलं. अहवाल मागे घ्यायचा, ठपका पुसायचा, मुलांच्या हातात झाडू देणं बंद, टेबल परत, चष्मे परत. सरांनी "विचार करू" म्हटलं. विचार करू म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक आहे. हे छापून झालं की आम्ही शाळेच्या फाटकात बसणार आहोत. सायली पुढे असेल. तिला कुणी पढवलेलं नाही. मी तर नाहीच. मी तिच्याशी त्या विषयावर एक अक्षर बोलले नव्हते, तुम्हाला कबूल केलं नव्हतं तरी.

तर आपल्या भांडणाचं काय? तुम्ही बरोबर होतात असं म्हणायला मी आलेली नाही. तुमचं गप्प राहणं चुकलं, हे मी आजही म्हणते. एक वर्ष त्या शाळेतल्या पोरांनी टीव्हीपुढे मांड्या घातल्या, एक वर्ष सायली स्वतःला दोषी समजत राहिली, एक वर्ष तो माणूस ताठ मानेने फिरला. याची भरपाई नाही. पण मी पत्रक छापलं असतं तर परवा तिथे माझा आवाज आला असता, तिचा नाही. हेही मला दिसलं. दोन्ही लिहून ठेवते. तुमच्यासारखं मधे बसायला मात्र मला जमणार नाही.

आभार मानायचे राहून गेले आहेत, ते मानते. हिरव्या वाटीत मला थेंब थेंब लिंबू पिळू दिलंत त्याबद्दल. पाटलांच्या मुलाने माझी वाटी घासली त्याबद्दल. तुमच्यावर ओरडले तरी तुम्ही मला ओट्यावरून उठ म्हणाला नाहीत त्याबद्दल.

पण राग जात नाही. सरांवरचा राग मी फाटकात बसून काढीन. संस्थेवरचा लिहून काढीन. उरतो तो तुमच्यावरचा. सायलीला कळेपर्यंत थांब, असं तुम्हीच म्हणाला होतात ना, बाई? मी थांबले. वहिनी थांबली. पोर उभी राहिली, बोलली, सगळ्या गावाने ऐकलं. थोडे दिवस, बाई. तुम्हाला काय झालं होतं थांबायला?